शिल्लक आठ मिनिटं

“सर, तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत शिकतात?”

तोंड माझं, आवाज माझा, पण प्रश्न माझ्या मैत्रिणींचा, वाथीरा आणि अवूरचा. लिमुरूच्या चहाच्या मळ्यांपासून थेट नैरोबीपर्यंत दोघींनी बसमध्ये माझं डोकं खाल्लं होतं.

“कुठल्याही सेनेटरला गाठायचं आणि तोंडावर विचारायचं. आहे हिंमत?”

“आणि नाही विचारलं तर?”

“तर टर्म संपेपर्यंत आमचे मोजे तू धुवायचे.”

वाथीराचे मोजे तुम्ही पाहिलेले नाहीत. वास तर नाहीच घेतलेला. म्हणून सांगते, पैज साधी नव्हती.

गेल्या वर्षी कुणी ही पैज लावली असती तर मी गुपचूप मोजे धुतले असते. या शाळेत आले तेव्हा मी इतकी कमी बोलायचे की वसतिगृहाच्या मेट्रननं एकदा घसा तपासायला नर्सकडे पाठवलं होतं. मग या फेब्रुवारीत वादविवाद स्पर्धेच्या आदल्या दिवशी एका मुलीला गालगुंड झालं आणि मुल्वा सरांनी मला स्टेजवर ढकललं. चार मिनिटं बोलले. विषय मोबाइलचा, बाकी काय बोलले ते आठवत नाही, पण हॉल टाळ्यांनी दणाणला ते आठवतं. तेव्हापासून माझं नवीन सायकल मिळालेल्या पोरासारखं झालंय, रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवत सुटायचं.

तर मी घंटी वाजवली. संसदेच्या लांबच लांब गालिच्यावर आम्ही फॉर्म टूच्या, म्हणजे दहावीच्या, चाळीस मुली रांगेत उभ्या होतो. आमच्या शाळेच्या जिल्ह्याचे सेनेटर काहुथू आम्हाला सोडा आणि बिस्किटं देऊन “विचारा, विचारा, लाजू नका” म्हणत होते. गोल चेहरा, लाल टाय, हसले की पोट आधी हसायचं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“शाब्बास! नाव काय गं तुझं?”

“जेसांग, सर.”

“जेसांग, माझी मुलं आता नोकऱ्या करतात. एकाला तर टक्कल पडायला लागलंय! पण प्रश्न लाखमोलाचा आहे हं. हा आत विचारायला हवा.” आणि त्यांनी हातातल्या कामकाजाच्या कागदाच्या कडेला काहीतरी खरडलं.

अवूरनं मागून माझा स्वेटर ओढला. “लिहून घेतलं त्यांनी! जेसांगे, तू गेलीस आता इतिहासात!”

मीही फुगले. खोटं कशाला बोलू.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या दोघींनाही सांगितलेली नव्हती. आत सभागृहात माझी आई बसली होती. सेनेटर सेलिना कोबिलो. माझं आडनाव चेबोई, बाबांचं, त्यामुळे कुणाला जोडता यायचं नाही. शाळेत सोडायला आली तेव्हा आईनं बजावलं होतं, “इथं तू फक्त जेसांग. सेनेटरची मुलगी म्हणून कुणी जास्तीची भाकरी वाढायला नको, की कुणी कमी करायला नको.” सुरुवातीला म्हणून सांगितलं नाही. मग मैत्री झाली, आणि इतके दिवस न सांगता गेले की आता सांगितलं तर एवढे दिवस खोटं बोललीस असं झालं असतं. पालकभेटीच्या रविवारी नऊ तास प्रवास करून बाबा एकटे यायचे. आईचे शनिवार-रविवार अंत्यविधींचे. आमच्या खोऱ्यात माणूस गेला आणि सेनेटर मातीला आली नाही, तर ते पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात. आणि आमच्या खोऱ्यात माणसं जातच होती.

घरी आम्ही तिघं, आणि तिघं तीन ठिकाणी. आई नैरोबीत, बाबा आमच्या खोऱ्यातल्या कापसोग्वेत, तिथल्या माध्यमिक शाळेचे उपमुख्याध्यापक, आणि मी या थंड डोंगरात, जिथं जुलैमध्ये अंथरुणसुद्धा ओलं लागतं.

आईला माहीत होतं आम्ही त्या बुधवारी येणार ते. फोनवर म्हणाली होती, “मी वर गॅलरीकडे बघणार नाही हं. राग मानू नकोस. तुला पाहिलं तर वाक्य विसरेन.”

गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, रेलिंगवर वाकायचं नाही. अध्यक्षांनी आमच्या शाळेचं नाव घेतलं, आम्ही उभं राहून मान झुकवली, आणि रिवाजाप्रमाणे जिल्ह्याच्या सेनेटरना स्वागतासाठी एक मिनिट मिळालं. काहुथू म्हणाले, या मुलींच्या तल्लख प्रश्नांनी मी आज थक्क झालो. वाथीराचं कोपर माझ्या बरगडीत.

मग अध्यक्ष म्हणाले, “सेनेटर कोबिलो. खोऱ्यातल्या शाळांच्या सुरक्षेबाबतचा ठराव.”

आई उठली. हिरवा सूट, हातात दोन कागद. वरून मला तिच्या घट्ट वेण्यांमधल्या रेषा दिसत होत्या. मी आता तिच्याइतकी उंच झाले आहे, पण तिला इतक्या वरून कधीच पाहिलं नव्हतं. सेनेटर सदुसष्ट, आणि त्या सकाळी खुर्च्यांवर मी मोजले एकोणीस. त्यातले दोघं फोनमध्ये, एक चक्क डुलक्या घेत होता. आई त्या रिकाम्या लाल खुर्च्यांशी बोलत होती.

पण काय बोलत होती! मी स्टेजवर मोबाइलबद्दल बोलले होते. ती माझ्या रस्त्याबद्दल बोलत होती. कापसोग्वेच्या शाळेला जाणाऱ्या त्या चार किलोमीटरबद्दल, जिथं दोन्ही बाजूंची झुडपं कुणी साफ केलेली नाहीत आणि गुरं पळवणाऱ्या टोळ्या त्यातच दबा धरतात. आमच्या राखीव पोलिसांबद्दल, म्हणजे गावातलेच अकरा जण, शेळ्या सांभाळून राखण करणारे. त्यांच्या बंदुका तपासणीसाठी म्हणून नेल्या आणि चारच परत आल्या. शाळेजवळ चौकी होईल म्हणाले, तर तंबू आला. सहा आठवड्यांनी तंबूही गेला.

“अध्यक्ष महोदय, सात महिने ही शाळा बंद होती. उघडली तेव्हा दोनशेबारातली छत्तीस मुलं परत आली. शिक्षक बदल्या मागतायत. मला पक्की चौकी हवी आहे, साफ रस्ता हवा आहे, बदल्या थांबायला हव्या आहेत. आणि खोऱ्यातल्या पालकांना मी इथून सांगते, मुलं परत आणा. रिकामी शाळा राखायला कुणी पोलीस पाठवत नाही.”

डुलक्या घेणारा जागा झाला. मला उभं राहून ओरडावंसं वाटत होतं, ती माझी आई आहे!

तेवढ्यात काहुथू उठले. “अध्यक्ष महोदय, माहितीचा मुद्दा. सन्माननीय सेनेटर तयार असतील तर.”

आईनं मान हलवली आणि खाली बसली. तिथं असंच असतं, दुसऱ्याला मुद्दा मांडू दिला की आपण बसायचं.

“सन्माननीय सेनेटर खोऱ्यातल्या पालकांना मुलं परत आणायला सांगतायत. फार चांगलं. फक्त सभागृहाला एवढं कळावं, की त्यांचं स्वतःचं अपत्य कुठल्या शाळेत शिकतं? हा प्रश्न माझा नाही बरं का! आज सकाळीच एका चुणचुणीत मुलीनं मला विचारला, आणि मला वाटलं, असल्या प्रश्नावर एकट्यानं हक्क सांगणं बरं नाही.”

हशा झाला. एकोणीस माणसांचा हशा सदुसष्ट खुर्च्यांच्या सभागृहात फार विचित्र वाजतो.

“जेसांग!” वाथीरा दातांतल्या दातांत किंचाळली. “तुझा प्रश्न! सेनेटमध्ये! तुझा!”

मी हसत होते. चेहऱ्याला दुसरं काय करायचं ते समजलं नाही, म्हणून तो हसत राहिला.

आई उठली. माइकचा दिवा लागला. ती वर बघेल असं मला वाटलं, एकदा तरी. तिनं पाहिलं नाही. कागद खाली ठेवले, पुन्हा उचलले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकलेला मला दिसला. लिमुरू, असं एका शब्दात उत्तर होतं. नाहीतर खोटं बोलायचं, आणि आई खोटं बोलत नाही.

“साडेबारा वाजले आहेत,” अध्यक्ष म्हणाले. सकाळची बैठक साडेबाराला संपते म्हणजे संपते. “सेनेटर कोबिलो, ठराव पुन्हा चर्चेला येईल तेव्हा तुमची आठ मिनिटं शिल्लक असतील.”

परतीच्या बसमध्ये सगळ्या गात होत्या. माझ्या नावाचं कडवं जोडून गात होत्या. मी खिडकीला डोकं टेकवलं आणि मळमळतंय म्हणून सांगितलं. अवूरनं तिची संत्री मला दिली. मुल्वा सर मागे येऊन म्हणाले, “आमची वक्त्री आज शांत?” मी म्हटलं, घसा दुखतोय सर. आत पुन्हा तीच गेल्या वर्षीची मुलगी येऊन बसली होती, आणि तिला मी ‘जा’सुद्धा म्हणू शकत नव्हते.

रविवारी मेट्रनच्या फोनवर प्रत्येकीला तीन मिनिटं मिळतात.

“आई.”

“जेवतेस ना नीट?”

“हो. तू?”

“मी इथं चहावर. स्वेटरला भोक पडलंय म्हणालीस, दुसरा पाठवू?”

“शिवला मी.”

“बरं केलंस.”

मागे रांगेतल्या मुली पाय आपटत होत्या. तीन मिनिटांतली दीड मिनिटं आम्ही स्वेटरवर घालवली आणि उरलेली एकमेकींचा श्वास ऐकण्यात. आई, तो प्रश्न माझा होता. एवढंच वाक्य. ते न सांगताच मी फोन पुढच्या मुलीच्या हातात दिला.

लायब्ररीतल्या संगणकावर सभागृहाचा वृत्तांत वाचायला मिळतो. मी शोधला. काहुथूंचा प्रश्न होता, कंसात ‘हशा’ होता, आणि त्याच्या खाली लगेच अध्यक्ष, साडेबारा वाजले आहेत. आई उभी राहिली होती, कागद ठेवले होते, उचलले होते, ते कुठंच नव्हतं. गप्प बसलेलं कुणी लिहून घेत नाही. तो मोठा क्षण फक्त आम्हा दोघींकडे होता, आणि आम्हीही तो एकमेकींना दाखवत नव्हतो.

मग मी मागचे वृत्तांत वाचत सुटले. चार वर्षांचे. जेवणाची सुट्टी, खेळाचा तास, सगळं तिथंच. खोऱ्यातले रस्ते, पाण्याची टाकी, ज्यांच्या मातीला ती गेली होती त्यांची नावं. प्रत्येक वेळी ती नावं घेऊन बोलायची, आकडा सांगून मोकळी व्हायची नाही. एका ठिकाणी होतं, ‘टोळीपासून लपत एका मुलीनं दप्तर डोक्यावर धरून दोन तास ओढ्यात काढले. आता ती कुठलंही दार आपटलं की दचकते. अशा किती मुली आहेत ते सरकारनं मोजावं.’ ती मुलगी मी. ओढ्यात डोक्यावरचं दप्तर भिजून फुगलं होतं, एवढंच मला आठवतं. आणि घरी पोचल्यावर आई एक शब्द न बोलता माझे केस पुसत होती, ते. ती त्या दिवसाबद्दल माझ्याशी कधीच बोलली नाही. पण सगळ्या देशाला सांगून आली होती.

त्या संध्याकाळी वाथीरानं बॅडमिंटनला हाक मारली तर मी गेले नाही. ती म्हणाली, “तू हल्ली फार भाव खातेस हं.” खरं तर मी भाव खात नव्हते. मला घराची आठवण येत होती, आणि गंमत म्हणजे घरी आत्ता कुणीच नव्हतं. बाबा पेपर तपासत एकटेच स्टोव्हवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत असतील, बस्स.

नंतरच्या रविवारी पालकभेट होती. आणि आई आली! बाबांबरोबर, एकाच गाडीतून. सुरूच्या झाडाखाली बाबांनी रंगीत कापड अंथरलं, कोंबडी, चपात्या, आणि भोपळ्याच्या तुंब्यातलं राखेच्या वासाचं आंबट दूध, मुर्सिक. आमच्या खोऱ्यातलं ते दूध इथल्या मुलींना बघवत नाही, आणि मी तर तुंबाच तोंडाला लावला.

“हळू, हळू,” बाबा म्हणाले. “गाईनं आठ दिवस काम केलंय त्याच्यावर. आणि तुझ्या आईला नैरोबीत गाडीत घेताना मी ओळखलंच नाही बरं का. टीव्हीवर बारीक दिसते.”

“टीव्हीवर मी दिसतेच कुठे,” आई म्हणाली. “काहुथू दिसतो.”

“मग या बुधवारी दिस. आठ मिनिटं आहेत ना तुझी?”

आई चपातीचा तुकडा मोडत राहिली. “मी उभी नाही राहणार, जोनाह. ठराव दुसऱ्या कुणाला तरी पुढे न्यायला सांगितलंय. मी उठले की तो तेच विचारणार. आणि दुसरं कुणी उठलं तर ठराव पडणार, ते मला माहीत आहे. त्यांना तो रस्ता ठाऊक नाही.”

“छत्तीसची एकतीस झालीत, सेलिना,” बाबांचा आवाज उतरला. “तीसच्या खाली गेली की पुढच्या टर्मला शाळा बंद करून मुलांना चाळीस किलोमीटर लांब पाठवणार. पत्र आलंय.”

“मग काय सांगू मी सभागृहाला? खरं?”

“खरं सांगितलंस तर काय होईल?”

“हसतील.”

तेवढ्यात वाथीरा आली, तोंडात अर्धी चपाती. “जेसांग, अवूरची आई केक...” आणि ती थांबली. तिनं आईकडे पाहिलं. हिरवा सूट नव्हता, पण वेण्या त्याच होत्या, चेहरा तोच. चपाती तशीच तोंडात.

“ही... या...”

“माझी आई,” मी म्हणाले.

वाथीराच्या कानापर्यंत लाली चढली. मग माझ्याकडे असं पाहिलं की, देवा, मला वाटलं आता माझी मैत्रीणही गेली. ती वळली आणि पळाली.

“ये गं, बस ना!” आई मागून ओरडली. मग माझ्याकडे वळून, “काय झालं तिला?”

झाडावरून एक वाळलेली काडी कापडावर पडली. मी ती उचलली, मोडली, तिचे चार तुकडे केले.

“आई, तो प्रश्न माझा होता.”

“कुठला?”

“काहुथूंनी विचारलेला. चुणचुणीत मुलगी म्हणाले ना, ती मी. पैज होती. मोज्यांची. मला वाटलं नव्हतं ते आत... मला खरंच वाटलं नव्हतं.”

बाबांचा हात तुंब्यावर तसाच राहिला. सभागृहात आईनं वर पाहिलं नव्हतं, आता ती सरळ माझ्याकडे बघत होती.

“प्रश्न चांगला होता,” ती म्हणाली. “फक्त त्याला का विचारलास? मला का नाही?”

“तू भेटतेस कुठे?”

मी ते रागानं म्हटलं नव्हतं. तसंच तोंडातून निघालं, जसं आता मी काहीही बोलते तसं. पण आईचे डोळे भरले, आणि बाबा उगाच चपात्या मोजायला लागले.

“तुला वाचवायला इथं ठेवलं मी,” आई म्हणाली. “त्या ओढ्यानंतर. सगळ्या आयांना मुलं परत आणा म्हणते, आणि माझी मात्र... मला माहीत आहे गं काय करतेय मी. रोज माहीत असतं.”

“मी वाचलंय. सगळं. चार वर्षांचं.”

“सगळं?” ती जरा हसली. “मीही नाही वाचत ते.”

बाबांनी मला दूध ओतून दिलं, पेला भरून सांडेपर्यंत. मी पेला खाली ठेवला. दार आपटलं की मी अजून दचकते, हे कबूल. कापसोग्वेचा रस्ता मला झोपेत दिसतो, आणि त्यात झुडपं असतात. पण झोपेतून उठल्यावर इथं आजूबाजूला चाळीस पलंग असतात, आणि त्यातल्या एकाही पलंगावर माझं कुणी नसतं.

“मला काहीतरी सांगायचंय,” मी म्हणाले. “आणि मधे माहितीचा मुद्दा कुणी काढायचा नाही.”

“बोल,” बाबा म्हणाले.

“पुढच्या टर्मपासून मी कापसोग्वेत शिकणार. बाबांच्या शाळेत, बत्तिसावी. बुधवारी तू उठायचं की नाही ते तू ठरव, आई, मी त्या काहुथूंना उत्तर म्हणून येत नाहीये. भीती वाटते मला, आणि वाटत राहील, तेव्हा चौकी लवकर आणा. पण मी घरी येतेय. मुल्वा सरांकडून दाखल्याचा अर्ज शुक्रवारीच आणून ठेवलाय, स्वेटरच्या खिशात आहे. सही तुमच्यातलं कुणी करायची, तेवढं आत्ता ठरवा.”